पुण्यात बसून ग्राफिक्सचा विद्यापीठी कोर्स: चुकलेलं चित्र वाचता आलं पाहिजे

कॉम्प्युटर ग्राफिक्स घरबसल्या शिकायचं तर खरी अडचण गणिताची नसते. गणित पुस्तकात मिळतं, लेक्चर दोनदा ऐकता येतं. अडचण येते ती पडदा काळा झाल्यावर. कंपायलरची तक्रार नाही, प्रोग्राम व्यवस्थित चालू आहे, खिडकी उघडली आहे आणि आत काहीच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये अशा वेळी शेजारचा डोकावतो आणि "अरे, डेप्थ बफर क्लिअर केलास का?" म्हणून जातो (डेप्थ बफर म्हणजे कुठला पिक्सेल पुढचा, कुठला मागचा याची नोंद). दूरस्थ कोर्समध्ये शेजारी कुणी नसतं आणि टीएचं (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिक्षकांच्या मदतनीसाचं) उत्तर यायला रात्र जाते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून एकच कसब अंगी बाणवायला हवं: चुकलेलं चित्र पाहून चूक कुठल्या ओळीत असेल याचा अंदाज बांधणं. पुढचं बहुतेक लिखाण त्याबद्दलच आहे. आधी कोर्स, मशीन आणि वेळ यांचं उरकून घेऊ.

कोणता कोर्स

पुण्यात बहुतेकांची या विषयाशी पहिली गाठ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात पडते. रेघ काढणं, आकृती भरणं, चौकटीबाहेरचं छाटणं अशा रीती: डीडीए, ब्रेसेनहॅम, स्कॅन फिल, कोहेन-सदरलँड क्लिपिंग, कोच कर्व्ह. जर्नल पूर्ण, सबमिशन झालं, ओरलला ब्रेसेनहॅमचा डिसिजन पॅरामीटर विचारला, विषय सुटला. हे शिकलेलं वाया जात नाही. ब्रेसेनहॅमने १९६२मध्ये आयबीएममध्ये मांडलेली रेघेची रीत अजूनही रास्टरायझेशन (आकृतीचं पिक्सेलमध्ये रूपांतर) समजून घ्यायला उत्तम आहे. पण बाहेरच्या विद्यापीठांचे आजचे कोर्स हा भाग एखाद्या लेक्चरमध्ये आटोपतात आणि थेट ट्रान्सफॉर्मेशन (वस्तू सरकवणं, फिरवणं, ताणणं), शेडर (ग्राफिक्स चिपवर चालणारे छोटे प्रोग्राम), रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणं) यांवर येतात. टर्बो सीच्या ६४० बाय ४८०, १६ रंगांच्या पडद्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला हा उंबरठा उंच वाटतो. त्याने आधी सी++ आणि मॅट्रिक्स यांची उजळणी करावी. रेघ काढण्याची नव्याने उजळणी करण्यात वेळ घालवू नये.

निवड करताना एकच प्रश्न विचारा: असाइनमेंट कोण तपासणार? एडएक्सवरचा यूसी सॅन डिएगोचा रवी राममूर्ती यांचा कोर्स या कसोटीवर चांगला उतरतो. आधी सेटअप, मग ट्रान्सफॉर्मेशन, मग ओपनजीएलमध्ये (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याची प्रमाणित पद्धत) सीन व्ह्यूअर आणि शेवटी रे ट्रेसर असा त्याचा क्रम आहे. तुम्ही काढलेली चित्रं अपलोड करायची, तिकडे ती मूळ चित्रांशी ताडून पाहिली जातात. कार्नेगी मेलनच्या कीनन क्रेन यांची आणि युटा विद्यापीठाच्या जेम युक्सेल यांची लेक्चर यूट्यूबवर आहेत; समजावण्याच्या बाबतीत दोन्ही अव्वल. युटाचं काम ब्राउझरमध्ये वेबजीएलवर (ओपनजीएलचं ब्राउझरमधलं रूप) चालतं, त्यामुळे लायब्ररी जुळवण्याची डोकेदुखी टळते. फक्त एक लक्षात ठेवा: एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून उघडलीत तर ब्राउझर सुरक्षेपोटी टेक्स्चर लोड करू देत नाही. पायथनचा छोटा स्थानिक सर्व्हर त्या फोल्डरमध्ये सुरू करा आणि लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवरून पान उघडा.

एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) आयआयटी गुवाहाटीचे समित भट्टाचार्य आणि आयआयटी दिल्लीचे प्रेम कालरा यांची व्याख्यानं आहेत. तिथल्या प्रमाणपत्राचा हिशोब असा: असाइनमेंटला २५ गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. क्रेडिट हवे असतील तर हा रस्ता सरळ आहे; यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयममधून (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, एनपीटीईएलचे कोर्स तिथेच असतात) घेता येतात. मात्र आपल्या विभागाकडून मंजुरी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी घ्या. आणि साप्ताहिक असाइनमेंट बहुधा बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात, त्यामुळे हात कोडवर बसत नाही. क्रेडिटसाठी हा आणि हातासाठी वरच्यापैकी एक, अशी जोडी माझ्या मते सर्वांत फायद्याची.

मशीन

महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. बहुतेक कोर्सना ओपनजीएल ३.३ पुरतं आणि २०१२च्या इंटेल एचडी ४००० मध्येसुद्धा ते आहे. घासाघीस करून सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर त्याहून जुना चिप घेऊ नका. आधीच्या एचडी ३००० ला विंडोजवर ३.१ च्या पुढे जाता येत नाही. मॅकवाल्यांसाठी वेगळी सूचना: अॅपलने २०१८मध्ये मोहावीपासून ओपनजीएल मोडीत काढायचं जाहीर केलं आणि ते ४.१ वर थांबलं. ३.३चा कोर्स मॅकवर चालतो, पण विंडो उघडताना कोअर प्रोफाइल आणि फॉरवर्ड कम्पॅटिबल हे दोन्ही स्पष्ट मागावे लागतात, नाहीतर २.१ हाती येतं आणि शेडरची पहिली ओळच नापास होते. काँप्युट शेडर ४.३ पासून आहेत, म्हणजे ते असलेला कोर्स मॅकवर घेऊ नये.

विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन मिळालं तरी तिथे चित्र काढून खिडकी पुण्यात दाखवण्याचा नाद सोडा. साध्या एसएसएच फॉरवर्डिंगमधून ओपनजीएल पाठवण्याची जुनी सोय नव्या एक्स सर्व्हरमध्ये मुळातच बंद असते, आणि असली तरी तिच्यात आधुनिक शेडर चालत नाहीत. व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी बसवलेलं असेल तर चालतं, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला साधारण पाव सेकंद जातो. माऊसने कॅमेरा फिरवायचा असेल तर ते असह्य होतं. रे ट्रेसरची गोष्ट वेगळी. त्याला खिडकी लागत नाही. तिकडे चालवा, पीएनजी इकडे उतरवा.

सेटअपमध्ये वेळ खाणाऱ्या तीन गोष्टी. पहिली, ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ: प्रोजेक्ट ६४ बिटचा आणि फ्रीइमेज (चित्रं वाचणारी लायब्ररी) किंवा ग्लटची (खिडकी उघडणारी लायब्ररी) फाइल ३२ बिटची असेल तर लिंक होताना 'अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल' येतं किंवा प्रोग्राम सुरू होता होताच पडतो. दुसरी, फोल्डरचा पत्ता. विंडोजवर यूजरचं नाव मराठीत असेल तर जुन्या लायब्ऱ्यांना त्या पत्त्यावरची फाइल उघडता येत नाही. सी ड्राइव्हच्या मुळाशी इंग्रजी अक्षरांचं, मोकळी जागा नसलेलं छोटं फोल्डर करा आणि क्लाउडवर आपोआप सिंक होणाऱ्या डेस्कटॉपवर प्रोजेक्ट ठेवू नका. तिसरी, वर्किंग डिरेक्टरी. व्हिज्युअल स्टुडिओतून चालवलं तर शेडरच्या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरात शोधल्या जातात, एक्झीवर डबल-क्लिक केलं तर एक्झीच्या फोल्डरात. शेडर सापडला नाही आणि कोर्सने दिलेल्या टेम्प्लेटने ते छापलं नाही, तर परिणाम एकच: काळा पडदा.

वेळ आणि वीज

पॅसिफिक वेळेनुसार रात्री ११:५९ ची डेडलाइन म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२९, आणि तिकडचं घड्याळ हिवाळ्यात मागे गेलं की १:२९. हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. नोव्हेंबरमध्ये तास मिळतो, मार्चमध्ये जातो. वसंत सत्रातल्या एखाद्या डेडलाइनला त्यामुळे चुकामूक होते. यूटीसीतली ११:५९ म्हणजे इथे पहाटे ५:२९, तेव्हा ती आदल्या रात्रीची डेडलाइन समजूनच काम करा. सकाळी १० चं लाइव्ह लेक्चर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री १०:३० ला, हिवाळ्यात ११:३० ला येतं.

देखभालीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला नेहमीचा वार गुरुवार. शुक्रवारी डेडलाइन असेल तर लांबचं रेंडर बुधवारी रात्री लावावं. राउटरसाठी छोटा यूपीएस तपकीर गल्लीत मिळतो. अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्या, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. फायबर असेल तर ओएनटीची (फायबरची तार जिथे जोडतात ती) पेटी वेगळी आहे का पाहा. एकट्या राउटरला बॅकअप देऊन उपयोग नाही, दोन्ही पेट्या चालू राहिल्या पाहिजेत. घरात जागा नसेल तर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका लेक्चर ऐकायला आणि कोड लिहायला छान, पण तिथे बोलता येत नाही; टीएबरोबरच्या ऑफिस अवर्ससाठी दुसरी जागा बघून ठेवा. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठाजवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळी माईक चालू करायचा विचारच करू नये, ढोल-ताशांचा सराव जोरात असतो.

चित्र वाचणं

काळ्या पडद्यापासून सुरुवात करू. पहिलं काम, क्लिअर कलर काळा ठेवू नका, करडा करा. आता काळं दिसलं तर वस्तू आहे पण प्रकाश चुकला. करडं दिसलं तर वस्तूच आली नाही. एवढ्या एका बदलाने शोधाचं क्षेत्र अर्धं होतं. वस्तू येत नसेल तर क्रमाने जा: शेडरचा कंपाइल आणि लिंक लॉग छापा, सगळ्या मॅट्रिक्स आयडेंटिटी करून मधोमध एक हाताने लिहिलेला त्रिकोण काढा, फेस कलिंग (पाठमोरे त्रिकोण वगळणं) आणि डेप्थ टेस्ट (मागचं झाकणं) बंद करा. त्रिकोण दिसला की एकेक गोष्ट परत चालू करत जा. ज्या पावलावर तो गायब होतो तिथे चूक आहे. कलिंग चालू केल्यावर गायब झाला तर त्रिकोणाच्या टोकांचा क्रम उलटा आहे. प्रोजेक्शन मॅट्रिक्स लावल्यावर गेला तर तो कॅमेऱ्याच्या मागे आहे किंवा नियर प्लेनच्या (ज्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही ती मर्यादा) अलीकडे. युनिफॉर्मचं (प्रोग्रामकडून शेडरला दिलेल्या आकड्याचं) लोकेशन -१ येत असेल तर घाबरू नका. शेडरमध्ये ते व्हेरिएबल कुठेच न वापरल्यामुळे कंपायलरने काढून टाकलेलं असू शकतं.

चित्र आलं पण वाकडं आलं, तर चुका आपापली खूण सोडतात. गोल अंडाकृती दिसतोय? रुंदी भागिले उंची हा भागाकार पूर्णांकांत झाला. ६४० भागिले ४८० चं उत्तर १.३३३ यायला हवं तिथे सी++ ने १ दिलं आणि सगळं आडवं ताणलं गेलं. चित्र खिडकीच्या डाव्या खालच्या चतुर्थांशात कोंबलं गेलंय? स्क्रीनची घनता जास्त आहे आणि व्ह्यूपोर्टला फ्रेमबफरच्या (खऱ्या पिक्सेलच्या) मापाऐवजी विंडोचं माप दिलं आहे. लाल वस्तू निळी? फ्रीइमेज पिक्सेल निळा-हिरवा-लाल या क्रमाने ठेवतं. टेक्स्चर तिरकं सरकत गेलं आणि रंग फाटले? ओपनजीएल प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत आहे असं मूळ गृहीत धरतं. २५० पिक्सेल रुंदीच्या तीन रंगांच्या चित्रात ओळ ७५० बाइटची असते, ते ७५२ समजून वाचतं आणि दर ओळीला २ बाइट सरकतं. अनपॅक अलाइनमेंट १ करा. वस्तू भलत्याच कोनात फिरते? जीएलएम (मॅट्रिक्सची सी++ लायब्ररी) ०.९.६ पासून रेडियन घेतं आणि तुम्ही अंश दिलेत.

दूरचे दोन पृष्ठभाग एकमेकांत लुकलुकत असतील तर नियर प्लेन फार जवळ आहे. २४ बिटच्या डेप्थ बफरमध्ये एखाद्या अंतरावर किती बारीक फरक ओळखता येतो याचा ढोबळ हिशोब असा: अंतराचा वर्ग, भागिले नियर गुणिले १,६७,७७,२१६. एकक मीटर धरा. नियर ०.०१ असेल तर १०० मीटरवर ही पायरी सुमारे ६ सेंटिमीटर येते. नियर ०.१ केलं की ६ मिलिमीटर. फार प्लेन (लांबची मर्यादा) मागे-पुढे करून यात जवळजवळ काही फरक पडत नाही, तरी बरेचजण आधी त्याच्याच मागे लागतात.

आता जिथे सर्वाधिक विद्यार्थी अडकतात ती जागा: लुक-अॅट मॅट्रिक्स, म्हणजे बिंदू कॅमेऱ्याच्या नजरेतून मांडणारी. ती चित्रावरून तपासू नका, आकड्यांवरून तपासा. कॅमेरा (०, ०, ५) वर, नजर मूळबिंदूकडे, वरची दिशा (०, १, ०). अशा मॅट्रिक्सने मूळबिंदू (०, ०, -५) वर गेला पाहिजे आणि कॅमेऱ्याची स्वतःची जागा (०, ०, ०) वर. +५ आलं तर मागची दिशा उलटी धरली आहे: नजरेची दिशा घेतलीत, तिची उलटी घ्यायला हवी होती. मूळबिंदू जागचा हललाच नाही तर मॅट्रिक्स आडवीची उभी झाली आहे. जीएलएम आकडे स्तंभांनी भरतं. तुम्ही ओळींनी लिहिलेत की सरकवण्याचे आकडे शेवटच्या स्तंभाऐवजी शेवटच्या ओळीत जाऊन बसतात. खात्री हवी असेल तर (०, ०, १, १) हा बिंदू टाका: चौथा आकडा १ राहायला हवा, या चुकीत तो -४ होतो. मग कॅमेरा (५, ०, ०) वर नेऊन पुन्हा पाहा. आता मूळबिंदू परत (०, ०, -५) वर आणि (०, ०, -१) हा बिंदू (१, ०, -५) वर, म्हणजे उजवीकडे आला पाहिजे. हे आकडे कागदावर एकदा हाताने काढा. पहिल्या उदाहरणातले बिंदू नजरेच्या रेषेवरच असतात, म्हणून क्रॉस प्रॉडक्टचा क्रम उलटा असला तर ती चूक दुसऱ्या उदाहरणातच ठळक पकडली जाते.

प्रकाश चुकला असेल तर प्रकाशाचं सूत्र तपासण्याआधी नॉर्मल (पृष्ठभागावरच्या लंबाची दिशा) रंग म्हणून काढा: प्रत्येक घटकाला ०.५ ने गुणा आणि ०.५ मिळवा. वर पाहणारा पृष्ठभाग फिका हिरवा दिसेल, उजवीकडचा फिका लालसर, प्रेक्षकाकडे पाहणारा फिका जांभळट निळा. सपाट टेबलावर ठिगळं दिसली तर फाइल वाचण्यातच घोळ आहे. वस्तू ताणल्यावरच रंग बिघडत असतील तर नॉर्मलला मॉडेल मॅट्रिक्स तशीच लावली आहे. ते का चालत नाही हे एका उतारावर पाहा. उताराची दिशा (१, -१, ०), त्यावर लंब (१, १, ०). आडवं माप दुप्पट करा. उतार (२, -१, ०) झाला. लंबालाही तेच केलं तर (२, १, ०) येतो, आणि डॉट प्रॉडक्ट ४ - १ = ३; काटकोन मोडला. व्यस्त (इन्व्हर्स) मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ करून) लावला तर (०.५, १, ०) येतो आणि १ - १ = ०. हे एवढं उदाहरण ज्याला तोंडपाठ आहे तो हे सूत्र विसरणार नाही.

विंडोज किंवा लिनक्स असेल तर रेंडरडॉक बसवाच. ते फुकट आहे. त्यात एका फ्रेममधला प्रत्येक ड्रॉ कॉल उघडून शेडरमध्ये कोणते आकडे गेले ते दिसतात. मॅकवर ते नाही, आणि माझ्या मते हीच मॅकवाल्यांची मोठी गैरसोय.

रे ट्रेसर

हा भाग सर्वांत आनंदाचा. ड्रायव्हर नाही, शेडर नाही. जे चुकतं ते तुमच्याच सी++ मध्ये असतं आणि डीबगरमध्ये थांबवून पाहता येतं.

काम करताना १६० बाय १२० वर चालवा. पूर्ण ६४० बाय ४८० च्या सोळावा हिस्सा काम होतं आणि चूक तितकीच स्पष्ट दिसते. पहिला टप्पा, किरण गोलाला लागला तर पांढरा, नाही तर काळा. दुसरा, लागल्याचं अंतर करड्या छटेत. तिसरा, नॉर्मल रंगात. मग प्रकाश, सावली, परावर्तन. प्रत्येक टप्प्याचं चित्र नाव देऊन जपून ठेवा, कारण पुढे काही मोडलं की कुठपर्यंत बरोबर होतं हे त्यावरूनच ठरतं.

पृष्ठभागावर काळे ठिपके किंवा पट्टे पसरले तर सावलीचा किरण स्वतःच्याच पृष्ठभागाला अडतोय. ३२ बिटच्या फ्लोटला साधारण सात अंकांचीच अचूकता असते, त्यामुळे काढलेला बिंदू कधी पृष्ठभागाच्या किंचित आत पडतो. किरणाची सुरुवात नॉर्मलच्या दिशेने ०.०००१ ते ०.००१ एवढी सरकवा. दृश्य मोठं असेल तर हा आकडा वाढवावा लागतो, फार वाढवला तर वस्तू जमिनीला टेकते तिथली सावली तुटते. सावली भलतीकडेच पडत असेल तर बिंदू-दिव्याच्या पलीकडच्या वस्तूसुद्धा आड धरल्या जात आहेत. किरण दिव्यापाशी थांबला पाहिजे.

ताणलेल्या गोलासाठी किरणालाच व्यस्त मॅट्रिक्सने फिरवायचं असतं. त्यानंतर किरणाची दिशा नॉर्मलाइझ (लांबी १) करू नका. केलीत तर अंतराचं माप प्रत्येक वस्तूसाठी वेगळं होतं आणि मागची वस्तू पुढे येऊन बसते. ही चूक फसवी आहे, कारण एकच वस्तू असलेल्या दृश्यात ती दिसतच नाही.

वेगाचं गणित. स्टॅनफर्डच्या सशात (चाचणीसाठी सर्रास वापरलं जाणारं त्रिमिती मॉडेल) ६९,४५१ त्रिकोण आहेत. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० किरण. प्रत्येक किरण प्रत्येक त्रिकोणाशी ताडला तर नुसत्या पहिल्या किरणांसाठीच २,१३३ कोटींहून जास्त तपासण्या, सावल्या आणि परावर्तन अजून बाकीच. म्हणून बीव्हीएच लिहायचाच, म्हणजे पेट्यांत पेट्या करून किरण ज्या पेटीला लागत नाही ती आख्खी सोडून द्यायची. तो नीट जमला की दर किरणामागच्या तपासण्या हजारोंवरून काही डझनांवर येतात. पण त्याच्याही आधी कंपायलर रिलीज मोडमध्ये आहे ना ते पाहा. डीबग मोडमध्ये रे ट्रेसर कित्येक पट रेंगाळतो आणि लोक विनाकारण अल्गोरिदमला दोष देतात. लॅपटॉप बॅटरीवर असला तरी वेग पडतो, प्लग लावून मोजा.

मूळ चित्राशी ताडताना दोन्ही चित्रांची वजाबाकी करून फरक दहापट उजळून पाहा. फरक फक्त वस्तूंच्या कडांवर बारीक रेघेसारखा असेल तर किरण पिक्सेलच्या मध्यातून न जाता कोपऱ्यातून जातोय. अर्धा पिक्सेल मिळवायचा राहिला. सगळ्या मधल्या छटा तुमच्याकडे उजळ असतील तर तुम्ही एसआरजीबी (पडद्यासाठी छटा उजळवणारं रूपांतर) लावलं आणि त्यांनी लावलेलं नाही. अर्ध्या तेजाचा पिक्सेल त्यांच्याकडे १२७ किंवा १२८ आणि तुमच्याकडे १८८ असेल तर शंकाच नको. शास्त्रशुद्ध तुमचं असलं तरी गुण असाइनमेंटच्या कागदात लिहिलेल्या पद्धतीला मिळतात. सुटे काळे पिक्सेल इकडेतिकडे दिसले तर कुठेतरी शून्याने भागाकार किंवा ऋण संख्येचं वर्गमूळ झालंय. आणि जेपीजी कधीच देऊ नका. त्याच्या दाबण्यामुळे कडांजवळ पडणारा कचरा तुमच्या चुकीसारखाच दिसतो.

विचारायचं कसं

टीएला "चित्र येत नाही, कृपया मदत करा" असं लिहिलं तर त्याचं उत्तर "कोणतं चित्र?" असं येतं, आणि वेळेच्या फरकात एक दिवस जातो. एकाच निरोपात सगळं द्या. हवं ते चित्र, आलेलं चित्र, फरकाचं चित्र, तिन्ही पीएनजीत. मोबाइलने पडद्याचा काढलेला फोटो नको. दृश्य कमीत कमी करा: एक गोल, एक दिवा. आणि एका पिक्सेलचा संपूर्ण हिशोब लिहा: ओळ २४०, स्तंभ ३२०, किरणाची सुरुवात, दिशा, लागल्याचं अंतर, नॉर्मल, रंग. मधल्या पिक्सेलची दिशा जवळजवळ सरळ नजरेच्या रेषेतच असायला हवी. हा हिशोब मांडतानाच बऱ्याचदा चूक सापडते आणि निरोप पाठवायची गरज उरत नाही. पाठवायचा झालाच तर तिकडची सकाळ धरून, म्हणजे आपल्या रात्री नऊ-दहाच्या सुमाराला पाठवा.

पुण्यात सोबत एक जोडीदार मात्र जरूर बघा, मग तो दुसऱ्या कॉलेजचा का असेना. एकमेकांना चित्रं आणि आकडे दाखवा, कोड दाखवू नका. सी++ चा कोड ताडणारी मॉस ही यंत्रणा १९९४ पासून वापरात आहे. व्हेरिएबलची नावं बदलून तिच्यातून सुटका होत नाही. गिटहबवरची रेपो प्रायव्हेट ठेवा आणि सत्र संपल्यावरही असाइनमेंटचं उत्तर खुलं करू नका, बहुतेक विद्यापीठं हे स्पष्ट मना करतात. मोठी मॉडेलं रेपोत टाकू नका, १०० एमबीवरची फाइल तिथे जातच नाही.

चित्रं खुली करायला सहसा हरकत नसते, पण कोर्सचा नियम एकदा वाचून घ्या. प्रत्येक चित्राखाली त्रिकोण किती, रिझोल्यूशन किती, परावर्तनाची खोली किती, बीव्हीएचच्या आधी आणि नंतर किती सेकंद लागले आणि कोणत्या प्रोसेसरवर, हे लिहा. पुण्यात एनव्हिडिया आहे, युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना नुसत्या चकचकीत गोलापेक्षा खालच्या या ओळीवरून मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी ठोस मिळतं.